भरली सायकल

शैलेंद्रने हॉलंडच्या सहलीचा फॉर्म भरला तेव्हा मी त्याच्या शेजारीच बसलो होतो. सहल अशी, की मुक्काम एका लहान बोटीवर. सकाळी सायकलवरून निघायचं, वाटेत गाव लागलं की पायी हिंडायचं, आणि संध्याकाळपर्यंत बोट पुढच्या गावाला येऊन थांबलेली असायची. स्वतःच्या, माझ्या सुनेच्या म्हणजे सुलेखाच्या आणि माझी नात इलाच्या नावापुढे त्याने सायकल लिहिलं. माझ्या नावापुढे लिहिलं, बोटीवरच थांबणार.

"का रे?"

"बाबा, तुम्ही बहात्तर वर्षांचे. रोज पंचवीस मैल आहेत."

"तासगावला बावीस वर्षं दूध घातलं ते काय विमानातून?"

"त्याला चाळीस वर्षं झाली."

"वीस."

सुलेखा हसली. "अहो, शनिवारी ट्राय करून बघू ना. बाबांना जमलं तर फॉर्म चेंज करू."

आमच्या फ्रीमाँटमध्ये ओढ्याच्या काठाने खाडीपर्यंत एक सपाट रस्ता जातो. त्यावर गाड्या नाहीत. तिथे मला सुलेखाची सायकल दिली. इतकी हलकी, की एका हाताने उचलावी. बसलो, पण हँडल हातात ठरेना. थोडं पुढे गेलो तर समोरून एक बाई पळत येत होती. तिला चुकवायला वळलो आणि वाळक्या गवतात आडवा झालो. लागलं काही नाही. तीच मला तीनदा सॉरी म्हणून गेली.

"बोटीवर पण मजा असते, बाबा," शैलेंद्र म्हणाला.

मी गवतातून सायकल उचलली. दिवसभर डेकवर खुर्ची टाकून बसायचं, आणि संध्याकाळी हे तिघं आले की यांनी काय काय पाहिलं ते ऐकायचं. त्यापेक्षा जाऊच नये असं वाटलं.

रविवारी सकाळी गॅरेजमध्ये त्या सायकलकडे बघत बसलो. पाय ठीक होते, नजर ठीक होती. मग चुकत काय होतं? बऱ्याच वेळाने लक्षात आलं, की मी जन्मात कधी रिकामी सायकल चालवलीच नव्हती. जाताना दोन्ही अंगांना दुधाच्या किटल्या, येताना कॅरियरवर पेंडीचं पोतं. शिकलो तोच लादलेल्या सायकलवर.

इला आत आली. "आजोबा, व्हॉट आर यू डुइंग?"

"तांदळाच्या दोन पिशव्या आण. वीस-वीस पौंडांच्या."

"आईला विचारू?"

"नको."

कॅरियरच्या दोन्ही बाजूंना पिशव्या दोरीने आवळल्या आणि समोरच्या गल्लीत निघालो. सायकल शहाण्यासारखी सरळ चालली. दुसऱ्या फेरीला एक हात सोडला. तिसऱ्या फेरीला इला ओरडायला लागली, म्हणून शैलेंद्र बाहेर आला.

"अरे, हे तांदूळ कुठे निघाले?"

"हॉलंड," इला म्हणाली.

फॉर्म बदलला, पण अट घालून. पहिल्या दिवशी दमलो तर उरलेले दिवस मुकाट्याने बोटीवर.

पहिल्या दिवशी आम्ही हार्लेमहून लायडनला गेलो. मी गाईड मुलीकडून मागे लावायच्या दोन मोठ्या पिशव्या मागून घेतल्या आणि सगळ्यांचे रेनकोट, पाण्याच्या बाटल्या, डबे त्यात भरले. रस्ता आंब्याच्या पोळीसारखा सपाट. चौकाचौकात खांबांवर आकडे लावलेले, एक आकडा गाठला की पुढचा शोधायचा. एका ठिकाणी तर कालवा शेतापेक्षा उंच होता. खाली गाई चरत होत्या आणि त्यांच्या डोक्यावरून बोट चालली होती. मी तिथे उतरून उभाच राहिलो. गाईंना त्याचं काही नव्हतं.

दुपारी समोरून वारा सुटला. वाऱ्याशी भांडायचं नसतं, मान खाली घालून आपल्या चालीने जायचं. शैलेंद्र भांडत होता. जोरात पुढे जायचा, थांबायचा, पुन्हा जोर लावायचा. लायडनला सायकली लावून आम्ही तासभर पुलापुलांवरून पायी हिंडलो तेव्हा तो दर पुलाच्या कठड्याला टेकत होता.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला गाईडने विचारलं, आज बोटीवर कोण थांबणार?

शैलेंद्रने हात वर केला. मांड्या भरून आल्या होत्या.

"आजच्या दिवसच हं," तो मला म्हणाला. "आणि बाबा, डेल्फ्टपर्यंत लांब आहे. जपून जा."

"अहो, तुम्ही जपा," सुलेखा हेल्मेट बांधत म्हणाली. "खुर्चीतून उठताना."

इला धक्क्यावर घंटी वाजवत उभी होती. मी पिशव्यांचे पट्टे आवळले आणि तिच्या मागे निघालो.