तीन जातींची पात

निमलष्करी दलातून निवृत्त होऊन मुर्री या आपल्या गावी परतताना सेवकरामने मणिपूरहून ओल्या गोणपाटात गुंडाळून दोन जातींची कांद्यासारखी पात आणली होती. एकीचं पान चपटं, लसणाच्या वासाचं, दुसरीचं रुंद. तिसरी, पोकळ नळीसारखी, त्याने इथे आल्यावर बी मागवून लावली. तिकडे छावणीजवळच्या खानावळीत माशाच्या पातळ रश्शावर अशी पात कच्चीच चिरून घालत. ती चव त्याला पुन्हा हवी होती.

नळीची पात सावली करूनही मे महिन्यात करपली. रुंद पानाची पावसात बुडापासून सडली. वाळू घातली, पाण्याला वाट काढून दिली, तरी हाती चिकट लगदाच आला. शेजारच्या टेकचंदने विचारलं, गवतासाठी एवढी मेहनत कायले? सेवकरामने त्याच्याशी बोलणंच सोडलं.

उरली चपट्या पानाची. हिवाळ्यात ती दाट झाली, तेव्हा तो बोदलकसाच्या तलावातले ताजे मासे घेऊन आला. रस्सा पातळ ठेव, मसाला नको, पात वरून काप, मुळं राहू दे आणि शेवटी घाल, असं बायकोला, सुमनबाईला, बजावून तो आंघोळीला गेला.

बाहेर आला तर वाफ्यात खड्डा. गॅसवर लाल रस्सा रटरटत होता, पात त्यातच शिजत होती.

"मुळासकट काऊन उपटली?"

"कांद्याची पात उपटतो, तशीच उपटली."

"मी सांगून गेलो होतो."

सुमनबाईने पळी खाली ठेवली. "सारी नोकरी तुमी तिकडं होते. मी इथं एकटीनं पोरं वाढवली. आता आले त रोज तिकडचीच चव मांगून राहिले. माह्या हातचं कधी आवडलंच नाई का?"

आवडतं, एवढंच म्हणायचं होतं. पण त्याला तो खड्डाच दिसत होता. त्याने कचऱ्यातून मुळं वेचली आणि पुन्हा तिच्या हाती लागू नयेत म्हणून न्हाणीमागे लावायला नेली.

"तिथं पानी साचते," ती दारातून म्हणाली.

ते त्यालाही दिसत होतं. तरी रागाने त्याने मुळं तिथेच दाबली.

तो जेवायला बसला. रस्सा चांगला झाला होता, म्हणून त्याला आणखीच राग आला. पातीची चव त्यात कुठेच नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून सुमनबाई न्हाणीचं पाणी बादलीत धरून कुंपणापलीकडे ओतू लागली. तरी मुळं सडलीच.