कोरडा कोपरा

डोक्यावरची मोहाची टोपली दोन्ही हातांनी सावरत बुधरी आडव्या बांबूसमोर उभी राहिली. बांबू उचलायचं काम प्रफुल्लचं होतं. पण त्याचा एक हात बांबूवर होता आणि दुसरा हवेत.

"मी सोता पाह्यलं भाऊ," तो धनराजला सांगत होता. "मिरची तोडाईवरून येता येता आमच्यातला एक जन बिमार पडला. चंद्रपूरले दवाखान्यात उतरवला. उतरवला म्हन्तो, पन घेते कोन? फाटकापासून लोक झोपून होते. खाली, फरशीवर."

"आनि माहा साळा काय आंधळा हाये?" धनराज म्हणाला. गावात किराण्याचं दुकान एकच, ते त्याचं. "तो चंद्रपुरातच राह्यते. तो म्हन्ते, अर्ध्या खाटा खाली हायेत. टीव्हीवाले एकच फोटू फिरवून राह्यले. लोकायले भेव दाखवाचं आनि घरात कोंडाचं."

"तुमच्या साळ्यानं आत जाऊन पाह्यलं का?"

"तू गेलता का आत?"

"बांबू उचला रे," बुधरी म्हणाली. "दवाखाना भरला का नाई ते मंग ठरवा. माही टोपली भरली हाये."

धनराज हसला. प्रफुल्लने बांबू वर केला आणि ती वाकून आत आली. मागे वाद पुन्हा सुरू झाला. रोज सकाळी ती मोह वेचायला जाताना हा वाद तिला तिथे भेटत असे आणि परत येताना तिथेच बसलेला दिसत असे. गावाला दुसरं काही काम उरलं नव्हतं. बाजार बंद, गाडी बंद, शाळा बंद. शाळेत आता मिरची तोडून परतलेली माणसं ओळीने झोपत होती.

शिवेवरचा तो बांबू इसरूने पूजा करून बांधला होता. इसरू बुधरीचा नवरा आणि गावचा भूमिया. देवाची पूजा, पेरणीचा दिवस, गावात काय चालतं आणि काय नाही, हे सगळं त्याच्या शब्दाने व्हायचं. बुधरी लहान असताना पटकी आली, तेव्हा त्याच्या आज्याने अशीच शीव बांधली होती. त्या वर्षी सगळं गाव जंगलात राहायला गेलं. ज्याचं त्याचं मोहाचं झाड होतं, त्याच्या खाली त्याची चूल. रात्री झाडाझाडाखाली जाळ दिसायचे, आणि सकाळी एखाद्या झाडाखालून धूर निघाला नाही की मोठी माणसं मान खाली घालायची. पटकी खरी की खोटी, असं मात्र कोणी कोणाला विचारल्याचं तिला आठवत नव्हतं. कदाचित विचारायलाही दम लागतो.

अंगणात येऊन तिने टोपली उतरवली आणि तिला खोकला ऐकू आला.

इसरू पडवीत खाटेवर उठून बसला होता. समोर रीना होती, गावची आशाताई. तोंडाला ओढणी, त्यावर मास्क, डोळ्यांखाली काळं. तिने इसरूच्या बोटाला लावलेलं चिमट्यासारखं यंत्र काढलं, ओढणीच्या टोकाने पुसलं आणि पुन्हा लावून पाहिलं.

"आकडा कमी हाये, माय," ती बुधरीला म्हणाली. "लै कमी नाई. पन त्याले मोठ्या दवाखान्यात नेलं तर बरं. मी सकाळपासून फोन करून राह्यली. बेड नाई म्हन्तेत. खाली झाला की कळवतो म्हन्तेत."

बुधरीने खाटेकडे पाहिलं आणि मग पडवीच्या दुसऱ्या टोकाला. तिथे सून बसली होती, दुर्गा. पाय लांब करून, हात पोटावर. तिचे दिवस भरत आले होते. घर म्हणजे ही पडवी आणि मागची एक खोली.

बातमी बांबूपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. थोड्या वेळात वाद अंगणात आला. माणसं अंतर राखून उभी राहिली आणि अंतर राखून बोलू लागली.

"नेऊ नोका," प्रफुल्ल म्हणाला. "जागाच नाई. बाहेर फरशीवर टाकतीन बुढ्याले."

"नेऊ नोका," धनराज म्हणाला. "बिमारी नाई न काई नाई, नुसता खोकला. नेलं का कोरोनाचा शिक्का मारतीन, मंग मानूस परत भेटत नाई."

"काई नाई मंग शिक्का कायले मारतीन?"

"अरे बाप्पा, तुले समजत नाई का—"

अंकुश, बुधरीचा मुलगा, मध्ये उभा राहून एकदा याच्या तोंडाकडे, एकदा त्याच्या तोंडाकडे पाहत होता. बुधरी उंबऱ्यावर बसली. तिच्या ध्यानात आलं, की दोघं इतकं भांडत होते आणि दोघांचं सांगणं एकच होतं. दवाखाना भरलेला असो नाहीतर रिकामा, इसरू या खाटेवरच राहणार होता. दुर्गापासून चार हातांवर.

"कुर्म्यात ठेवा," ती म्हणाली.

धनराज आणि प्रफुल्ल दोघं तिच्याकडे वळले.

गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या वाटेवर कुर्मा होता. पाळी आलेल्या बाईने आणि बाळंतिणीने राहायची झोपडी. पुरुषाने तिकडे पाऊल टाकायचं नाही. वाटेने जावं लागलं तर मान वळवून जायचं. जेवण घरच्यांनी आणायचं, बाहेरच्या दगडावर ठेवायचं आणि मागे सरायचं. आतल्या बाईने मग ते उचलायचं. हा नेम इसरूच्या आज्याने पाळला, बापाने पाळला, आणि इसरूने सगळ्या गावाकडून पाळून घेतला.

"बाबाले?" अंकुश म्हणाला. "भूमियाले? कुर्म्यात?"

"गावाबाहेर खाली झोपडी तेवढीच हाये," बुधरी म्हणाली. "तुमाले दुसरी माहीत असन तर सांगा."

"आनि बाया?" कोणीतरी विचारलं. "बाया कुठी जातीन?"

बुधरीने टोपलीकडे पाहिलं. ती फार थकली होती. पहाटेपासून वाकून वाकून वेचलेला मोह टोपलीत तसाच होता, वाळत घालायचा होता.

इसरूला खोकल्याची उबळ आली. ती ओसरली तेव्हा त्याने डोळे पुसले आणि दुर्गाकडे पाहिलं. दुर्गाने आपला पदर नाकावर घट्ट धरला होता आणि सासऱ्याला ते दिसू नये म्हणून मान फिरवली होती. इसरूने खाटेखालची काठी ओढली. घोंगडी खांद्यावर टाकली. अंगणातून तो हळूहळू निघाला, तेव्हा अंकुश हात द्यायला पुढे झाला, पण त्याने काठीनेच त्याला लांब केलं. तो कुर्म्याच्या वाटेला लागला आणि माणसांनी सवयीने माना वळवल्या.

बुधरीने मात्र तो आत जाईपर्यंत पाहिलं. त्याला वाकावं लागलं. दार बायकांच्या उंचीचं होतं.

त्या संध्याकाळपासून ती त्याचं जेवण घेऊन जाऊ लागली. पेज, कधी भात आणि मोहाची भाजी, रीनाने दिलेल्या गोळ्या कागदात बांधून. दगडावर ठेवायची आणि मागे सरून वाटेच्या कडेच्या झाडाखाली बसायची. पहिल्या दिवशी त्याला कळेना. तो आत वाट पाहत बसला.

"उचलून घ्या," तिने सांगितलं. "मी लांब झाली. आता उचलाचं."

दुसऱ्या दिवशी त्याला कळलं. तिने दगडावर ठेवलं, मागे सरली, मग आतून हात आला.

एकदा त्याने विचारलं, "दिवसभर कराचं काय इथी?"

"काई नाई," ती म्हणाली. "बसाचं."

तिने किती दिवस त्या झोपडीत काढले होते त्याचा हिशोब कोणी ठेवला नव्हता. तिचं पहिलं लेकरूही तिथलंच. श्रावणात झालं होतं. झड लागली होती, थांबायचं नाव नाही. इसरू तेव्हा तरणा होता. त्याने घरातली सुकी लाकडं मोळी बांधून आणली, दगडावर ठेवली आणि मान वळवून उभा राहिला, कारण त्याला तेवढीच मुभा होती. ती लेकराला खाली ठेवून बाहेर येईपर्यंत मोळी भिजली. ती पेटली नाही. लेकरू गेल्यावरही दिवस पुरे होईपर्यंत ती तिथेच राहिली. त्यानंतर नवरा-बायकोत त्या पावसाचा विषय निघाला नाही. अंकुश झाला तो उन्हाळ्यात.

मोह संपत आला. बोटाच्या यंत्रातला आकडा एक दिवस खाली, एक दिवस वर असं करत करत वर चढला. गावात दोन माणसं गेली; एक शाळेत, एक आपल्या घरात. शेजारच्या लच्छूच्या बायकोला पाळी आली तेव्हा ती घरातच, कोठीच्या आडोशाला बसली. दुसरीही तशीच बसली. लोकांनी देवाच्या कोपाची वाट पाहिली. लच्छूची गाय व्याली, कालवड झाली.

एका दुपारी रीना अंगणात आली. हातात फोन होता. खाली बसून ती भिंतीला टेकली.

"फोन आला," ती म्हणाली. "बेड खाली झाला. पेशंट घेऊन या म्हन्तेत."

"खाली झाला म्हंजे?" बुधरीने विचारलं. "तो मानूस घरी गेला का?"

रीनाने फोन उलटा करून जमिनीवर ठेवला. "पानी दे माय थोडं," ती म्हणाली.

इसरूचा आकडा आता बरा होता, त्याला कोणी नेलं नाही. त्याच आठवड्यात अवकाळी वादळ आलं. सागाची पानं गावभर उडाली, दोन घरांच्या छपरांवरची कवेलू गेली. सकाळी बुधरी पेज घेऊन गेली तर दगडाभोवती चिखल झाला होता. तिने हाक मारली. उत्तर आलं नाही, तेव्हा पदर तोंडावर घेऊन ती दारापर्यंत गेली आणि वाकली.

आत सगळीकडे ओल होती. छपरातून अजून टपटप चालू होती. इसरू डाव्या हाताच्या कोपऱ्यात, गुडघे छातीशी घेऊन, घोंगडी लपेटून बसला होता. तिथली भिंत एका माणसाच्या पाठीएवढी गुळगुळीत झालेली होती.

"इथीच बसत होती का तू?" त्याने विचारलं.

"सगळ्याच बसतेत. तेवढाच कोपरा कोरडा राह्यते."

तो छपराकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "आनि लेकरू?"

"मांडीवर," ती म्हणाली. "कोपरा एकाच जनाचा हाये."

तिने पेज त्याच्या जवळ सरकवली. दगडावर ठेवायची ती विसरली होती. त्याच्या ते ध्यानात आलं. पेज निवून गेली तरी त्याने हात लावला नव्हता.

तेंदूपत्ता तोडायचे दिवस आले आणि दुर्गाला कळा सुरू झाल्या. रीनाने तिला आरोग्य केंद्रात नेलं. खोल्यांत तापाचे रोगी होते म्हणून बाळंतपण व्हरांड्यात, चादरीच्या आडोशाला झालं, आणि संध्याकाळच्या आत बाळ-बाळंतीण परत गावात. मुलगी झाली. कुर्म्यात भूमिया होता, म्हणून दुर्गाला तूर्त घरातच, मागच्या खोलीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुधरी झाडाखाली बसली असताना वाटेवरून माणसं आली. पुढे धनराज आणि प्रफुल्ल, मागे अंकुश, आणखी दोघं-तिघं. कुर्म्यापासून लांबच ती थांबली आणि माना वळवून उभी राहिली.

"आता तरी मान," धनराज म्हणत होता. "पेपरात आलं, दवाखाने खाली पडून हायेत. मी तवाच सांगत होतो."

"आता खाली झाले म्हून तवा भरलेच नोते, असं होते का?"

"तुहं तेच चालू राहू दे. मी म्हन्तो गेली बिमारी. बांबू काढा, दुकान पुरं उघडू द्या. आनि भूमिया बरा झाला असन तर कुर्मा सारवून घ्या. बाळंतीन घरात हाये, ते बरं दिसत नाई. मी बाहेरचा मानूस, पन नेम तुमचाच हाये."

यावर प्रफुल्लनेही मान हलवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच दोघांचं जमलं होतं. अंकुशने बुधरीकडे पाहिलं, मग जमिनीकडे. आभाळ पश्चिमेकडून भरून येत होतं.

"बाबा," त्याने हाक मारली. "बरं हाये ना आता? घरी चालता का?"

बुधरी पहाटेपासून तिथे होती. पहाटेपासून इसरू झोपडीमागे कुऱ्हाड चालवत होता. मध्येच गुणगुणत होता. आदल्या दिवशीही तसंच, आणि त्याच्या आदल्या दिवशीही.

माणसांची चाहूल लागताच तो आत शिरला होता. आतून खोकला आला.

मोठा खोकला होता. एकदा, पुन्हा एकदा, मग लागोपाठ. धनराज दोन पावलं मागे सरला. हनुवटीवरचा मास्क त्याने नाकावर चढवला. बाकीच्यांनीही रुमाल काढले.

"नाई गेला अजून," आतून इसरू म्हणाला. "मी इथीच राह्यतो. पावसाळा जाऊ द्या."

"आनि दुर्गा?" अंकुशने विचारलं.

"आता मी काय करू," इसरू म्हणाला. "जागा नाई."

पुन्हा खोकला सुरू झाला. माणसं आली त्याहून वेगाने वाटेला लागली. अंकुश थोडा मागे रेंगाळला आणि मग तोही गेला. लांबून धनराजचा आवाज येत राहिला, बिमारी अजून हाये बाप्पा, बांबू राहू द्या.

इतकी वर्षं एका छपराखाली काढल्यावर माणसाचा खोकला ओळखू येतो. इसरूचा छातीतून यायचा, आधी खरखर आणि मग उबळ. हा गळ्यातून आला होता. बुधरीने पदर तोंडावर ओढून घेतला आणि ती तशीच बसून राहिली.

थोड्या वेळाने दारातून हात बाहेर आला. त्याने दगडावर मोळी ठेवली. बारीक फोडलेली, वेलीने घट्ट बांधलेली.

"घरी ने," तो आतून म्हणाला. "बाळंतिनीच्या खाटेखाली जाळ लागन."

तिने उठून मोळी उचलली. वाऱ्याबरोबर दोन-चार थेंब आले, तशी तिने ती पदराखाली घेतली आणि ती घराकडे निघाली. लाकडं सुकी होती.