पुसली गेलेली अक्षरं

तिथेच थांबा, पुढे येऊ नका. वाळूच्या पोत्यांमागून मी बोलतोय. मी लढाईतल्या रॉकेटच्या टोकावरचा पितळी फ्यूज. रॉकेट कधी फुटायचं, ते ठरवणं माझं काम.

कारखान्यात एका बाईने माझ्या पोटावर अक्षरं आणि आकडे ठोकले. आमच्यातल्या प्रत्येकाला ती हळूच म्हणायची, "जा बाबा, पण कुणाला लागू नकोस." मी उडालो, चिखलात रुतलो आणि फुटलोच नाही. तिचं ऐकलं की काय, कोण जाणे.

कित्येक वर्षांनी एका लेथवाल्या आजोबांनी मला भंगारातून घरी आणलं. त्यांना वाटलं, जुन्या पंपाचा भाग असेल. मळकं पितळ त्यांना बघवत नसे. दर रविवारी ते मला पॉलिश पेपरने घासत बसायचे.

"एवढी माझी भांडी घासली असती तर!" आजी म्हणायच्या.

"भांड्यांना तू आहेस. याला कोण आहे?"

हळूहळू माझी अक्षरं गेली आणि त्यांच्याबरोबर आठवणही. मी खरा होतो की सरावाचा? माझ्या पोटात दारू आहे की नुसती वाळू? नातीच्या वह्यांवर वजन म्हणून बसून मी रोज आठवू बघायचो. अभ्यास करता करता पेंगून ती माझ्यावर गाल टेकायची, तेव्हा मला माझीच भीती वाटायची.

परवा आजोबांनी मला व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळलं. "आत काय आहे, बघूच." नात शेजारी वाकून उभी होती. पाना फिरला, कडं केसभर सरकलं आणि माझ्या आत काहीतरी टक् झालं.

आजोबा जागीच थिजले.

"बाळा, बाहेर जा. पळू नकोस, चालत जा. आजीलाही ने."

"आणि तुम्ही?"

"आलोच."

तिची पावलं ऐकू येईनाशी होईपर्यंत त्यांनी पाना तसाच धरून ठेवला. मग बोटं एकेक करून सोडली आणि तेही गेले.

बॉम्ब पथकाच्या माणसाने दारातूनच विचारलं, "याच्यावर काही लिहिलेलं होतं?"

"होतं. मी घासून काढलं."

"ते असतं तर आत्ताच सांगता आलं असतं, हा जिवंत आहे की नाही."

आजोबांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

आता गल्ली रिकामी आहे. पथकाने माझ्याभोवती पोती रचली आहेत आणि मला दुरूनच उडवून द्यायला एक वायर आणून ठेवली आहे. तो टक् अजून माझ्यात घुमतोय.

माझ्यासारखा कुणी कुठे सापडला, तर हात लावू नका, पुसू तर मुळीच नका. मळ राहू द्या. त्याखाली त्या बाईने सगळं लिहून ठेवलंय.