मिश्रीचा आळ

भाजलेल्या तंबाखूचा करपट गंध दरवळला, की ओवे गावातल्या त्या ओटीवर हेमंतातली सकाळ झाली असे समजावे. पायरीवर बसून माझी आत्या मिश्री लावायची. तिची तर्जनी दातांवरून अशी संथ, तल्लीन फिरे, की तेवढ्यापुरती ती कुणाची आई नसे, सासू नसे, राबणारी बाई नसे. फार वर्षांपूर्वी अल्सरपायी तिचे पोट कापून अर्धे काढले होते. चार घासांत ती ताट सारी आणि “अर्ध्या पोटाची बाय हाय मी” म्हणून स्वतःच हसे. पुढे सारे सुरळीत चालले, तसे ते ऑपरेशन घरातल्यांनी एखाद्या जुन्या बाळंतपणासारखे विसरून टाकले.

खारघरच्या शेतांवर भराव पडू लागला, त्या थंडीतली गोष्ट. वाल सोलता सोलता आत्या ओकली. ओकारी चहाच्या चोथ्यासारखी काळी. “मिश्री गिळलीस ना!” तिचा मुलगा नामदेव खेकसला आणि त्याने डबी उकिरड्यावर भिरकावली. घरोघरी मिश्री लावणाऱ्या त्या गावात काळ्या ओकारीला दुसरे कारण कोण शोधणार? सून रोज सकाळी म्हातारीची बोटे हुंगू लागली. शेजारणी ते बघून तोंडाला पदर लावून हसत.

आत्या पांढरीफटक पडत चालली, भिंत धरून चालू लागली, आणि पुन्हा काळेच ओकली. “नाय रं लावली मी,” ती कळवळून म्हणायची. नामदेव तिला चोरटी म्हणाला. पोटच्या पोराने! मला आजही त्याची चीड येते.

मग एका दुपारी लालभडक रक्तच आले, तेव्हा टेंपोत घालून तिला पनवेलला नेले. डॉक्टरांनी पोटावरचा वण पाहिला मात्र, त्यांचा चेहरा उतरला. ऑपरेशनात उरलेले पोट आतड्याला जोडले होते, त्या जुन्या जोडापाशी नवी जखम झाली होती, रक्त कधीपासून तिथूनच झिरपत होते. पोटात साकळून ते काळे पडते, म्हणाले. फार उशिरा आणलेत.

आत्या शुद्धीवर होती. जीव जातोय याची तिला खंत नव्हती. नामदेवाचे मनगट धरून तिने एवढेच विचारले, “आता तरी पटलं का तुला?”

“गप पडून राय,” तो म्हणाला.

ती गप्प झाली, ती कायमचीच.

काळ म्हणे सारे पुसून टाकतो. त्याने ऐकणारी तेवढी नेली. आईला न दिलेला होकार नामदेवाच्या घशातच म्हातारा होतो आहे.