एका बाकावरच्या दोन प्रार्थना

ताईने धाकट्या भावाला लहानाचं मोठं केलं होतं. आईवडील गेले तेव्हा तो शाळेतही जात नव्हता. आता चाळिशी उलटली तरी तिच्या तोंडी तो छोटूच होता. ती घरातल्या पुढच्या खोलीत शाळांचे गणवेश शिवायची, तो इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. दोघांनीही लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं की एकमेकांकडे बोट दाखवायचे.

छोटूच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं कळलं, तेव्हा ताई डॉक्टरांना म्हणाली, "माझी घ्या. आत्ताच्या आत्ता घ्या." डॉक्टरांनी तिच्या तपासण्या केल्या आणि नकारार्थी मान हलवली. तिला मधुमेह होता. तोही तिला तेव्हाच कळला. मग छोटूचं नाव प्रतीक्षायादीत गेलं आणि दर आठवड्याला तीनदा डायलिसिस सुरू झालं.

तेव्हापासून रोज सकाळी शिलाई मशीनवर बसण्याआधी ताई डोळे मिटून म्हणायची, "देवा, माझ्या छोटूला किडनी मिळू दे. शाळा उघडायच्या आत मिळू दे." शाळा उघडल्या. तिने मुदत सहामाही परीक्षेपर्यंत वाढवून दिली. गिऱ्हाइकं तिच्याकडे माप आणि तारीख टाकून जायची, तशीच ती देवाकडे टाकत होती.

एकदा छोटू म्हणाला, "ताई, किडनी काही झाडाला लागत नाही. तुझं ऐकायचं तर कुणाच्या तरी घरी काय घडावं लागेल, कळतंय ना तुला?"

"मी कुणाचं वाईट मागत नाही," ताई फणकारली. "जो जाणारच आहे, त्याची मागतेय."

त्या दिवशी तिला एकच बाही दोनदा उसवावी लागली.

डायलिसिसच्या खोलीत छोटूच्या शेजारच्या खुर्चीवर एक हार्डवेअरवाला असायचा. खिळे, कड्या, नळाचे सांधे विकणारा मोठा दुकानदार, आणि जिभेने खिळ्याहून टोकदार. पथ्य पाळायचा नाही. पाणी बेताने प्यायचं सोडून मनाला येईल तेवढं प्यायचा, आणि वजन वाढलेलं दिसलं की वजनकाट्यालाच नावं ठेवायचा. नर्सवर खेकसायचा. त्याची बायको भिंतीला लागून उभी राहायची आणि तो ओरडला की नर्सकडे बघून डोळ्यांनीच माफी मागायची. त्याचा आणि छोटूचा रक्तगट एकच होता.

फोन आला तो भरदुपारी. ताई पॅन्टची पट्टी बसवत होती. ती तशीच सुईखाली टाकून ती छोटूबरोबर निघाली. रिक्षात ती सारखी पुटपुटत होती. छोटू म्हणाला, "ताई, श्वास घे. नाहीतर मला सोडून तुलाच दाखल करतील."

इस्पितळात प्रत्यारोपणाचं काम बघणाऱ्या बाई भेटल्या. त्यांनी नीट समजावून सांगितलं. एक तरुण मुलगी अपघातात गेली होती. घरच्यांनी होकार दिला होता. एक किडनी दुसऱ्या गावी जाणार होती, दुसरी इथे. इथल्यासाठी दोघांना बोलावलं होतं. रक्त ज्याच्याशी जुळेल त्याला मिळेल. तपासणीला संध्याकाळ होईल, तोवर बसा.

दुसरा कोण, हे सांगावं लागलं नाही. बाहेरच्या लांब बाकाच्या एका टोकाला हार्डवेअरवाल्याची बायको बसली होती. दोन्ही पेशंटना आत नेलं. ताई दुसऱ्या टोकाला बसली.

त्या बाईचे ओठ हलत होते. ताईचेही हलत होते. आणि मध्येच ताईच्या लक्षात आलं की दोघींची मागणी एकच आहे, देणाराही एकच, आणि वस्तूही एकच. तिला वाटलं, त्या बाईपेक्षा जोरात मागावं. माझा भाऊ पथ्य पाळतो देवा, तो कुणावर ओरडत नाही, तो जास्त लायक आहे.

तेवढ्यात अतिदक्षता विभागाचं दार उघडलं आणि एक माणूस बाहेर आला. कामावरून तसाच आलेला असावा, सदऱ्याला रंगाचे डाग होते. त्याच्या हातात मुलीच्या चपला होत्या, बंद तुटलेल्या. कुठे ठेवाव्यात हे त्याला कळत नव्हतं. त्याने त्या बाकावर ठेवल्या, पुन्हा उचलल्या, छातीशी धरल्या आणि जिन्याने खाली गेला.

इतके महिने जे मागितलं, ते असं दिसतं हे ताईने कधी पाहिलं नव्हतं. बाकाच्या दुसऱ्या टोकाला ती बाई तोंडात पदर कोंबून रडत होती. ताईला आता 'दे' म्हणवेना, आणि 'नको' तर म्हणणं शक्यच नव्हतं. शेवटी ती एवढंच म्हणाली, "तू ठरव." त्यात भक्ती फारशी नव्हती. दुसरं काही सुचलंच नाही.

दिवेलागणीला प्रत्यारोपणाच्या बाई आल्या. किडनी हार्डवेअरवाल्याशी जुळली होती.

त्याची बायको उठून ताईजवळ आली, तिचा हात धरून म्हणाली, "ताई, मला माफ करा." ताईने हात सोडवून घेतला.

छोटू आतून शर्टाची बटणं लावत आला. "चल," म्हणाला, "भूक लागलीय."

घरी आल्यावर ताईने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि देवाला फैलावर घेतलं. "तू ठरव म्हटलं, तर ते तू खरंच धरलंस? एवढंच बरं ऐकू आलं तुला!" त्यानंतर कितीतरी दिवस ती मशीनवर थेट बसायची. डोळे मिटायची नाही.

छोटूने ते पाहिलं होतं. एका रविवारी तो तिच्यासमोर कापडाच्या गठ्ठ्यावर येऊन बसला.

"बोलणं टाकलंयस का त्याच्याशी?"

"त्याने कुठे माझ्याशी धरलंय?"

छोटू हसला नाही. म्हणाला, "लिफ्ट अडकते ना ताई, तेव्हा आतला माणूस सगळी बटणं दाबत सुटतो. ओरडतो, दारावर लाथा मारतो. मी वर मशीनरूममध्ये हाताने चाक फिरवत असतो. लिफ्ट बोटभर बोटभर सरकते, त्याला कळतसुद्धा नाही. त्याचा आवाज मला येतो, माझा त्याला जात नाही. बाहेर आल्यावर मला शिव्या देतो, कुठे होतास म्हणून."

"आणि चाक फिरलंच नाही तर?"

"भीती मलाही वाटते," तो म्हणाला. "रात्री हात छातीवर ठेवून पडतो ना, तेव्हा खूप वाटते. पण वर कुणीच नाही असं धरून आत बसायचं, हे मला जमत नाही. तेवढंच."

ताईने त्याच्याकडे पाहिलं. तो किती वाळला होता, हे तिने इतक्या दिवसांत तारखांच्या नादात नीट पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने सुती कापड काढलं आणि हार्डवेअरवाल्यासाठी पुढून उघडणारे ढगळ सदरे शिवले, पोटावरच्या टाक्यांना घासणार नाहीत असे. ते घेऊन ती इस्पितळात गेली. काचेच्या दाराबाहेर त्याची बायको एकटीच बसली होती, कुणाचीतरी वाट बघितल्यासारखी. ताई तिच्या शेजारी बसली आणि या वेळी हात तिने स्वतःहून धरला.

आतून नर्सने सदरा घातलेला हार्डवेअरवाला दाखवला. त्याने खिसा चाचपला आणि खुणेने सांगितलं, खिसा चुकीच्या बाजूला लावलाय. दोघी हसल्या, आणि हसता हसता त्याच्या बायकोला रडू फुटलं.

"तुम्हाला देवाचा राग येत नाही?" तिने विचारलं.

"येतो की," ताई म्हणाली. "दुसऱ्या कुणावर काढू?"

या गोष्टीला आता तिसरं वर्ष लागलंय. छोटूला किडनी अजून मिळालेली नाही. त्या दिवशी ती त्याला का मिळाली नाही, याचं कारणही ताईला कळलेलं नाही, आणि कुणी कारण सांगू लागलं तर ती ऐकून घेत नाही. छोटू आता लिफ्टवर चढत नाही. डायलिसिस नसेल त्या दिवशी नव्या मुलांना काम शिकवतो, आणि दमला की खुर्चीतच झोपतो.

ताई सकाळी पुन्हा डोळे मिटते. आधी त्या चपला छातीशी धरून गेलेल्या बापाची आठवण काढते. त्याचं नाव तिला माहीत नाही, देवाला असेल. मग छोटूसाठी मागते, अगदी पूर्वीइतकंच मनापासून. तारीख मात्र घालत नाही. मग दोरा ओवते आणि पायाने मशीन चालू करते. आतल्या खोलीत झोपलेल्या छोटूची कूस बदलल्याची चाहूल लागते, तसा मशीनचा वेग ती थोडा कमी करते.