खुंटीवरची लाल टोपी

“वाफ अंगावर घे, पण आकार सोडू नकोस.”

करीमबख्श टोपीवाला मला पितळी साच्यावर दाबताना असे पुटपुटत असे. आयुष्यात मी ऐकलेला पहिला आवाज तो.

मित्रांनो, मी एक जुनी लाल तुर्की टोपी आहे. लाहोरच्या रंगमहल बाजारात माझा जन्म झाला. अंग लोकरीचे, वर काळ्या रेशमाचा गोंडा. आपल्याला एखाद्या नवाबाचे डोके मिळेल अशी मला फार आशा होती. मिळाले ते बुंदन मियाँचे. तो भाटी दरवाजाजवळचा न्हावी. दाढी करताना गिऱ्हाइकाला एवढा हसवायचा की वस्तरा त्याला मध्येच उचलून धरावा लागे.

“मोठी होतेय तुला,” करीमबख्श म्हणाला.

“असू दे चाचा. कानांवर टेकली की बायकोचं कमी ऐकू येईल.”

ती बायको, सरवरी, दारातच उभी होती. “आत्ता तरी कुठे ऐकता?” ती म्हणाली. अशी हसत हसतच मी त्या घरात गेले, हे माझे भाग्य.

पुढे एका गिऱ्हाइकाने बुंदनला मुलतान रोडवरच्या स्टुडिओत नेले. नोकराचे छोटे काम होते. चहाचा ट्रे घेऊन येताना मी त्याच्या डोळ्यांवर घसरले आणि तो भिंतीवर आदळला. सगळा सेट पोट धरून हसला. दिग्दर्शकाने ती चूक तशीच ठेवली. तेव्हापासून त्याच्या प्रत्येक चित्रपटात मी असेच. दाराआडून नुसता माझा गोंडा डोकावला तरी थिएटरात शिट्ट्या पडत. बुंदनचा चेहरा नंतर दिसे.

प्रत्येक शॉटआधी तो मला कपाळाला लावी. “चेहरा अल्लाहने दिला, रोटी हिने दिली,” असे म्हणे. एवढा मान कोणत्या टोपीला मिळतो?

मग त्याच्या मनाने घेतले की आपण स्वतः एक चित्र दिग्दर्शित करावे, आणि त्यात लोकांना रडवावे. टांगेवाल्याची गोष्ट होती. शेवटी लेकीची पाठवणी होते आणि बाप रिकाम्या खोलीत एकटा बसतो. एवढेच.

रंगभूषा करणारा फज्लू त्याचा जुना दोस्त. तो म्हणाला, “तू रडवणार? अरे, तुझा जनाजासुद्धा लोक हसत हसत नेतील!”

बुंदन दाता दरबारच्या दर्ग्यात नवस बोलला. त्या खोलीच्या प्रसंगाला लोक रडले, तर जर्द्याची, म्हणजे गोड केशरी भाताची, मोठी देग चढवून लोकांना वाटीन.

बापाचे काम तो स्वतःच करत होता, आणि हा प्रसंग बोडक्या डोक्याने करायचा होता. पण माझ्याशिवाय कॅमेरा सुरू करायचा नाही, ही त्याची रीत. त्याने मला मागच्या खुंटीवर टांगले.

“टोपी दिसतेय रे,” फज्लू म्हणाला. “बाजूला ठेव.”

“दिसू दे. तिच्यात बरकत आहे.”

चित्र शुक्रवारी लागले, नमाजनंतर पहिला खेळ. बुंदन मला शालीत लपवून, स्वस्तातल्या बाकांवर लोकांत बसला. खोलीचा प्रसंग आला. पडद्यावरचा म्हातारा लेकीची राहिलेली ओढणी घडी घालू लागला. थिएटर शांत होते. आणि कोणीतरी ओरडले, “अरे, टोपी बघ, टोपी! आता पडणार म्हाताऱ्याच्या डोक्यावर!”

सगळे थिएटर हसले. शालीच्या आत बुंदनने मला छातीशी आणखी घट्ट धरले.

घरी येऊन त्याने मला हळुवार खुंटीवर ठेवले. मला वाटले होते, भिरकावून देईल.

“हिचा काय दोष?” तो सरवरीला म्हणाला. “टोपी दिसली की हसायचं, हे मीच लोकांना शिकवलं. देग मात्र राहिली, बेगम.”

“नवस मोडला नाही, थांबलाय फक्त. कधी ना कधी रडतील.”

“आणि मी नसलो तर?”

“तर मी चढवीन.”

त्याने पुन्हा चित्र दिग्दर्शित केले नाही. पुन्हा मला डोक्यावर घेतले आणि लोकांना हसवत राहिला, अगदी मनापासून. तो गेल्यावर सरवरीने मला कडुनिंबाच्या पाल्यात गुंडाळून पेटीत ठेवले. दर गुरुवारी दिवा लावला की ती मला काढी, पुसे, परत ठेवी. तरीही कसरीने माझी एक कड कुरतडलीच. त्या अंधारात मी करीमबख्शचे बोल आठवत राहिले आणि आकार सोडला नाही.

त्याच्या बरसीला, पुण्यतिथीच्या दिवशी, थिएटरच्या मालकाने ते न चाललेले चित्र पुन्हा लावले. “चाची, टोपी घेऊन या, लोकांना बघायचीय,” असा त्याचा निरोप आला. सरवरी मला मांडीवर घेऊन बसली. शेजारी फज्लू होता, आता काठी टेकणारा.

खोलीचा प्रसंग आला. ओढणीची घडी झाली. मागे खुंटीवर मी दिसले.

कोणी हसले नाही. टोपी होती, आणि तिच्याखालचा माणूस आता नव्हता. आधी बायकांच्या बाजूने एक हुंदका आला. मग सगळीकडून.

फज्लूने डोळे चोळले. “भाभी, लोक रडतायत ना? की मलाच नीट दिसत नाहीये?”

“दोन्ही,” सरवरी म्हणाली. तिची आसवे माझ्या अस्तरावर पडली. इतके गोड ओझे मी आयुष्यात वाहिले नव्हते.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू झटका, उन्हात घाला, पण टाकू नका. कोणाची तरी राहिलेली गोष्ट ती सांभाळत असते. मला सांभाळले गेले, म्हणून तर हा दिवस दिसला. त्या हातांचे उपकार मी कसे विसरू?

आज पहाटे फजरची नमाज झाल्यावर सरवरीने तांदूळ, साखर आणि केशराची पुडी पिशवीत भरली. मला पेटीत न ठेवता खुंटीवर टांगले आणि माझा गोंडा सरळ केला. आता घर सांभाळणारी तिची सून अजून झोपली होती. तिला न उठवता सरवरीने दार हळूच ओढून घेतले.

खाली गल्लीत टांगेवाल्याशी बोलताना तिचा आवाज आला. “दाता दरबारला चल, बाळा. सावकाश हाक. तांदूळ आहेत.”