पिवळ्या झाकणाचा दुसरा डबा

लोशन कोपराला चोळलं आणि काहीतरी टोचलं. चष्मा लावून पाहिलं तर चारोळी. बदामाचं तेल, मधमाश्यांचं मेण, गुलाबपाणी, रंगापुरतं केशर, असं सगळं मी त्या लोशनमध्ये घातलं होतं. चारोळी मात्र श्रीखंडात घातली होती.

पाडव्याची दुपार होती. आमच्या वाटचं श्रीखंड आम्ही पातेल्यातूनच खाल्लं होतं आणि आमचे हे, म्हणजे श्यामसुंदर, आत घोरत होते. मी कोपर हुंगलं. वेलची. हे श्रीखंड असेल, तर सकाळी शेजारच्या स्वरालीला श्रीखंड म्हणून मी काय दिलं होतं?

दोन्ही डबे सारखेच होते. विकतच्या श्रीखंडाचा रिकामा डबा आमच्याकडे फेकत नाहीत. कोथरूडात कुणाकडेच फेकत नसावेत. त्यात मिरच्या असतात, विरजण असतं, ओलं खोबरं असतं, श्रीखंड तेवढं नसतं. यंदा होतं आणि तिथेच घात झाला. फ्रीजमध्ये शेजारी शेजारी, दोन्ही पिवळसर, दोन्ही घट्ट. ‘सुनीतीचे नैसर्गिक लोशन’ अशी लेबलं मी वळणदार अक्षरात लिहिली होती, पण ती बाटल्यांसाठी. बाटल्या भरून उरलेलं तेवढं डब्यात ठेवलं होतं. डब्याला कोण लेबल लावतं?

आता खरं ते सांगते. सोसायटीतल्या अकरा बायकांना मी छातीठोकपणे सांगितलं होतं की यात रसायन म्हणून नाही. पण मेण आणि गुलाबपाणी एकमेकांत मिसळेनात, दोनदा सगळं फुटलं. शेवटी कसब्यातल्या एका दुकानातून टाकणखार आणला, दोन चमचे घातला आणि गप्प बसले. दुकानदाराने मान वर न करता बजावलं होतं, "लावायला ठीक. पोटात गेला तर दवाखाना गाठायचा. पुडीवर लिहिलंय, वाचता येत असेल तर वाचा." त्याच्या शिष्टपणाचा मला इतका राग आला की घरी येऊन मी पुडी न वाचताच फाडली.

आणि स्वरालीला सातवा महिना होता.

मी तिच्या बेलवरचं बोट काढलंच नाही. दार उघडून ती हसली.

"सकाळचा डबा कुठाय?" मी विचारलं.

"काकू, यम्मी होतं एकदम. मी आणि वरदनी सगळं फिनिश केलं."

मी दाराची चौकट धरली. माझ्या हातून नवरा, बायको आणि पोटातलं बाळ असे तीन जीव जाणार, एक तर अजून जन्मालाही आलेला नाही, एवढंच मला कळत होतं.

"किती खाल्लंस? पोटात दुखतंय का? वरदला गाडी काढायला सांग. स्वराली, ते श्रीखंड नव्हतं. लोशन होतं. त्यात टाकणखार आहे."

तिचा चेहरा आधी कोरा झाला, मग लालबुंद. "काकू, सॉरी. मी खाल्लंच नाही. डॉक्टरांनी शुगर बंद केलीये. उघडला असता तर कंट्रोल झालं नसतं, म्हणून तसाच निशाला दिला. म्हटलं, काकूंकडचं आहे, घेऊन जा. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून खोटं बोलले."

मला वाईट वाटायला वेळच नव्हता. मी तिला जवळ घेतलं आणि हमसून रडले. मग रडता रडता थांबले. निशा आमच्या दोघींकडे धुणंभांडी करते. तिला तीन वर्षांची मुलगी आहे.

निशाचा फोन लागेना. ह्यांच्या चपला पायात अडकवून मी स्कूटर काढली. सुतारदऱ्यात ती राहते हे माहीत होतं, घर एकदाच बाहेरून पाहिलं होतं. वाटेत घरोघरी गुढ्या होत्या. सणाचं गोडधोड पोरीला आधी देणार, आई मागाहून खाणार. देवा, त्या पोरीला काही होऊ देऊ नको, मी पुन्हा खोटं बोलणार नाही, असं पुटपुटत मी चढाच्या पायऱ्या चढले.

पोरगी उंबऱ्यात बसली होती. मांडीत पिवळ्या झाकणाचा माझा डबा, आणि तोंड पांढरं माखलेलं.

मी तिला ओढून घेतलं आणि तिच्या तोंडात बोट घातलं. ती कडकडून चावली आणि तिने भोकाड पसरलं. निशा धावत बाहेर आली.

"ओकू दे तिला," मी म्हणाले. "निशा, आधी ओकू दे."

"अहो ताई, साखरगाठी खातीय ती. डबा रिकामा कसा द्यायचा म्हणून तुमच्यासाठी दोन ठिवल्या हुत्या, तर हिनं एक पळवली."

मी बोट चाटून पाहिलं. साखर होती. "आणि आतलं?"

निशाने दोन्ही हात पुढे केले. साबणाने चिरलेली बोटं, काळ्या पडलेल्या भेगा, आणि त्या भेगांत पिवळसर तुकतुकी. "हे काय. काल तुमचं पातेलं घासताना मेण सुटता सुटंना. आज डबा उघडला तवाच त्यो वास वळखला. उरलेलं बाटलीत भरून वर फळीवर ठिवलंय, हिचा हात पुरत न्हाई." मग ती जरा लाजली. "म्हटलं, ताईंनी माझे हात बघितले."

आठ वर्षं ती माझी भांडी घासते. अकरा बाटल्यांची यादी मी दोनदा तपासली होती आणि तिचं नाव दोन्ही वेळा माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"पण एवढ्या उन्हाचं कशाला आलात?" तिने विचारलं.

देवाला शब्द देऊन पाव तासही झाला नव्हता.

"तुझ्यासाठीच होतं ते," मी म्हणाले. "पोटात जाऊ द्यायचं नाही, तेवढं सांगायचं राहिलं होतं." आणि तिच्याकडे बघवेना, म्हणून मी डब्यात उरलेल्या त्या एका गाठीकडे बघत राहिले.